चवदार तळे ते कलम ४७: आरोग्य धोरण घडवणारे बाबासाहेब

सार्वजनिक आरोग्य म्हटले की रुग्णालय, लस आणि आरोग्य खाते डोळ्यांसमोर येते. पण माणूस आजारी पडतो की धडधाकट राहतो, हे बरेचदा दवाखान्याबाहेरच ठरते: पाणवठ्यावर, कारखान्यात, विधिमंडळात आणि कोर्टातही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कधीही आरोग्यमंत्री नव्हते. तरीही कायदे करणारे, ते राबवणारे आणि त्यांचा अर्थ लावणारे, अशा शासनाच्या तिन्ही शाखांशी त्यांचा संबंध आला आणि प्रत्येक ठिकाणी त्यांनी आरोग्याच्या प्रश्नाला हात घातला.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव हे आईवडिलांचे चौदावे अपत्य. आई भीमाबाई त्यांच्या लहानपणीच गेल्या. पुढे त्यांच्या आणि रमाबाईंच्या पाच अपत्यांपैकी चार बालपणीच दगावली. धाकटा राजरत्न गेला तो जुलै १९२६ मध्ये. बालमृत्यू हा त्यांच्यासाठी केवळ अहवालातला आकडा नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबई कायदेमंडळावर त्यांची नियुक्ती झाली.

शासनाच्या शाखा एकमेकींशी कशा वागतात, याचा पहिला मोठा धडा महाडला मिळाला. रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या पुढाकाराने ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने ठराव केला होता. सरकारी पैशातून चालणारे पाणवठे, शाळा, कचेऱ्या आणि दवाखानेही अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने त्यानुसार १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. ठराव कागदावर राहिला, तळ्यावर मात्र कुणाला पाणी मिळेना. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह ते पाणी प्यायले. त्यानंतर नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तर दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम आडवा आला. बाबासाहेबांनी तो पाळला आणि लढाई कोर्टात नेली. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये. पिण्याच्या पाण्यासारख्या साध्या गोष्टीसाठी ठरावापासून निकालापर्यंत साडेतेरा वर्षे लागली.

दरम्यान कायदेमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाचा प्रश्न आला. त्या काळी पोटुशी बाई शेवटच्या दिवसांपर्यंत साच्यावर उभी राही, कारण खाडा झाला की मजुरी बुडे. जुलै १९२८ मध्ये प्रसूती लाभ विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे देशाच्याच हिताचे आहे, त्यामुळे या खर्चाचा मोठा वाटा खरे तर सरकारने उचलावा, असे त्यांचे मत होते. पण तोवर ज्याच्या कामावर ती राबते त्या मालकाने भार सोसणेही त्यांना रास्त वाटत होते. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात हा कायदा झाला.

न्यायालयात मात्र पदरी अपयशही आले. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून संततिनियमन आणि लैंगिक आरोग्यावर उघडपणे लिहीत होते. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. वाचक खासगी प्रश्न विचारत असतील, तर जाणकाराने शास्त्रीय उत्तर देण्यात गैर काय, हा बचावाचा गाभा होता. खटला ते हरले आणि कर्व्यांना दंड झाला.

चार वर्षांनी तोच प्रश्न विधानसभेत गेला, आणि इथे नगर जिल्हा या कथेत येतो. स्वतंत्र मजूर पक्षाचे नगरचे आमदार प्रभाकर जनार्दन रोहम यांनी १० नोव्हेंबर १९३८ रोजी संततिनियमनाच्या सोयी सरकारने उपलब्ध कराव्यात, असा ठराव मांडला. त्यांचे भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. वारंवारच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या बायका आणि दारिद्र्य यांचा संबंध त्यात मांडला होता. ठराव मोठ्या फरकाने फेटाळला गेला. पुढे १९५२ मध्ये स्वतंत्र भारताने कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. विधिमंडळात पडलेला विचार काही वर्षांनी सरकारी धोरण होऊन परत आला.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. आता अंमलबजावणीची खुर्ची त्यांच्याकडे होती, आणि तिचे काटेही. महायुद्धात कोळसा कमी पडू लागला, म्हणून १९४३ मध्ये सरकारने स्त्रियांना खाणीत जमिनीखाली काम करण्यावरची बंदी उठवली. केंद्रीय कायदेमंडळात टीका झाली. बाळंतिणींच्या विश्रांतीसाठी झगडलेल्या माणसाला या निर्णयाचे समर्थन करावे लागले. स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, हे त्यांनी त्या वेळी आवर्जून मांडले. १९४६ च्या सुरुवातीला बंदी पुन्हा लागू झाली. १९४४ मध्ये कोळशावर उपकर बसवून खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ४८ वर आले. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकरांकडे देण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला.

यानंतर राज्यघटना. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांनी सभागृहातून पार नेलेल्या घटनेत आरोग्य अनेक ठिकाणी विखुरलेले आहे. कामगारांच्या प्रकृतीची हेळसांड होऊ नये हे कलम ३९ मध्ये, प्रसूती साहाय्य ४२ मध्ये, तर पोषण व सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ४७ मध्ये आहे. ही मार्गदर्शक तत्त्वे असल्याने त्यांच्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही. मात्र न्यायालयांनी पुढे जगण्याच्या हक्काच्या, म्हणजे कलम २१ च्या आधाराने वाट काढली. बंगालमध्ये रेल्वेतून पडून जबर जखमी झालेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले की, तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे.

स्वतः बाबासाहेब अखेरची वर्षे मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने त्रस्त होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

घटनेतली कामाची वाटणी राहुरी तालुक्यातल्या देवळाली प्रवरासारख्या नगरपरिषदेच्या गावातही रोज अनुभवाला येते. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने राज्याच्या यादीत आहेत. औषधे, वैद्यकीय व्यवसाय आणि एका राज्यातून दुसऱ्यात पसरणारे साथीचे रोग केंद्र व राज्य या दोघांच्या यादीत येतात. ७४ व्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा, स्वच्छता आणि घनकचरा ही कामे नगरपालिकांकडे सोपवण्याची तरतूद केली. म्हणून नळाला गढूळ पाणी आले तर नगरपरिषदेला, सरकारी दवाखान्यात डॉक्टर नसेल तर राज्य सरकारला जाब विचारायचा. आणि नुसता ठराव झाला म्हणून गप्प बसायचे नाही. ठराव होऊनही पाणी मिळत नाही, हे महाडने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे.