वसईचे संत गोन्सालो गार्सिया

सोळाव्या शतकाच्या मध्यास वसई येथे जन्मलेले गोन्सालो लहान वयातच येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानात गेले, तेथील भाषा शिकले व धर्मशिक्षण देऊ लागले. संघात प्रवेश मिळावा ही त्यांची मोठी इच्छा. ती पुरी झाली नाही. अशा वेळी मनुष्य देवावरच रुसतो. त्यांनी व्यापार केला, तो चांगला चालला. तरी ओढ सुटेना. अखेर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघाचे धर्मबंधू झाले.

१५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते जपानात परतले. शब्द दुसऱ्याचे, जीभ मात्र आपली, असे हे काम! मावची व मराठी यांमध्ये वावरणाऱ्या आपल्या चिंचपाड्याच्या लोकांस त्यातील कष्ट ठाऊकच आहेत. क्योटोत त्यांच्या मंडळीने महारोग्यांची शुश्रूषा आरंभिली. आम्हांस वाटते, त्यांचा आनंद या नित्याच्या सेवेतच परिपक्व झाला.

पुढे छळ झाला. डाव्या कानाचा भाग कापून भर हिवाळ्यात त्यांस नागासाकीपर्यंत नेले. तेथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी, स्तोत्रे गात असता, २६ जणांस क्रुसावर चढवून भाल्यांनी मारिले. पोप नववे पायस यांनी १८६२ साली त्या सर्वांस संतपद दिले. वसईजवळील गास येथे त्यांच्या नावाचे चर्च आहे.