चोकी मोतोबू : कातामधील लढाई शोधणारा योद्धा

कराटे म्हटले की शुभ्र गणवेश, कमरेचा रंगीत पट्टा आणि एका तालात चाललेल्या हालचाली डोळ्यांसमोर उभ्या राहतात. ठरावीक क्रमाने बांधलेल्या या हालचालींच्या मालिकेला ‘काता’ म्हणतात. परीक्षेत पट्टा आणि स्पर्धेत पदक मिळवून देणारा हा काता अंगावर धावून आलेल्या माणसासमोर कितपत उपयोगी पडतो, असा प्रश्न कराटे शिकणाऱ्याला कधी ना कधी पडतोच. शंभर वर्षांपूर्वी ओकिनावा बेटावरील एका योद्ध्याने हाच प्रश्न आयुष्याचा विषय केला होता. त्यांचे नाव चोकी मोतोबू.

मोतोबू यांचा जन्म १८७० मध्ये शुरी येथे झाला. शुरी ही त्या वेळी र्‍युक्यू राज्याची राजधानी होती आणि मोतोबू घराणे राजवंशाचीच एक शाखा होते. चोकी हे तिसरे पुत्र. तेथील रीतीप्रमाणे मानमरातब, शिक्षण आणि घराण्याची परंपरागत युद्धविद्या यांचा वारसा थोरल्याकडे, म्हणजे बंधू चोयू यांच्याकडे जाणार हे ठरलेलेच होते. धाकट्याला आपली वाट स्वतःच शोधणे भाग होते. त्यातच १८७९ मध्ये जपानने र्‍युक्यूचे राज्य खालसा केले. चोकी तेव्हा अवघे नऊ वर्षांचे होते. सरदारकीच्या वैभवाला ओहोटी लागली आणि तलवारीच्या पिढीजात प्रतिष्ठेपेक्षा मनगटातील बळच या मुलाला अधिक खरे वाटू लागले.

अंगातील विलक्षण चपळाईमुळे लोकांनी त्यांना ‘माकड’ असे टोपणनाव दिले होते. बळ मात्र चपळाईपेक्षा कमी नव्हते. भाताच्या पेंढ्याने गुंडाळलेल्या ‘माकिवारा’ या खांबावर रोज ठोसे मारून त्यांनी मुठी दगडासारख्या घट्ट केल्या. शुरीचे आंको इतोसू हे त्यांचे आरंभीचे गुरू. पुढे सोकोन मात्सुमुरा आणि साकुमा यांच्याकडूनही त्यांनी धडे घेतले. तोमारी गावचे कोसाकू मात्सुमोरा यांच्याकडे जाऊन तेथील पद्धतही आत्मसात केली.

केवळ गुरूंच्या अंगणात शिकून या तरुणाचे समाधान होईना. शिकलेली प्रत्येक हालचाल खरी की खोटी, याची परीक्षा हवी होती. ती त्यांनी नाहा शहरातील त्सुजी या रंगेल वस्तीत घेतली. तेथे रात्री एकमेकांना आव्हान देऊन बळ अजमावण्याची चाल होती. मोतोबू तिकडे जाऊन प्रतिस्पर्ध्यांशी भिडत. या वागण्याने प्रतिष्ठित मंडळींच्या कपाळावर आठ्या पडल्या. भांडखोर म्हणून जो शिक्का त्या काळात बसला, तो त्यांना अखेरपर्यंत पुसता आला नाही. तरीही कोणती हालचाल निभावते आणि कोणती ऐन वेळी दगा देते, याचे ज्ञान त्यांना येथेच मिळाले, हेही तितकेच खरे.

याच सुमारास कराटेचे रूप पालटत होते. १९०१ पासून इतोसू यांनी ही विद्या ओकिनावाच्या शाळेत नेली. शेकडो मुलांना एकाच वेळी शिकवायचे, तर गळा, डोळे, जांघ यांवरील घातक प्रहार उघड सांगता येत नव्हते. मुलांची शरीरे कमवावीत, शिस्त बाणावी, हा हेतू प्रधान ठरला. त्यामुळे विद्येचा प्रसार झाला, ती टिकली. परंतु हालचालींमागचा अर्थ मागे पडला आणि बाह्य आकार तेवढा पुढे राहिला. गुरूंनी विद्येला दिलेले हे वळण शिष्याला मानवणारे नव्हते.

१९२१ च्या सुमारास मोतोबू ओकिनावा सोडून ओसाका येथे आले. पन्नाशी उलटलेल्या या गृहस्थाला जपानच्या मुख्य भूमीवर कोणी ओळखत नव्हते. नोव्हेंबर १९२२ मध्ये क्योटो येथे एक परदेशी मुष्टियोद्धा ज्युदोपटूंशी लढती करीत होता. मोतोबू त्याच्यासमोर उभे राहिले. त्यांचे वय तेव्हा ५२ वर्षांचे होते. प्रतिस्पर्धी उंचीने, वजनाने आणि तारुण्याने वरचढ होता. लढतीच्या तपशिलांविषयी मतभेद असले, तरी शेवट एकच सांगितला जातो. मोतोबूंचा प्रहार डोक्यावर बसला आणि तो धिप्पाड मुष्टियोद्धा कोसळला.

‘किंग’ या लाखोंचा खप असलेल्या जपानी मासिकाने १९२५ मध्ये हा प्रसंग सविस्तर छापला आणि मोतोबूंचे नाव देशभर पोहोचले. दैवदुर्विलास असा, की लेखासोबतच्या चित्रांत चेहरा मात्र गिचिन फुनाकोशी यांचा होता! फुनाकोशी हेही ओकिनावाचे. १९२२ मध्ये टोकियोत प्रात्यक्षिक दाखवून त्यांनी राजधानीत कराटेचा पाया घातला होता. सुशिक्षित आणि मृदुभाषी असे हे शिक्षक काताच्या साधनेवर भर देत. दोघांच्या स्वभावांत आणि विचारांत आधीच अंतर होते. या चुकीने ते आणखी वाढले.

आपल्या विद्येचे म्हणणे मोतोबूंनी १९२६ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. ‘ओकिनावा केन्पो कराते-जुत्सू : कुमिते-हेन’ हे त्यांचे पुस्तक दोघांच्या लढतीच्या सरावाला, म्हणजे कुमितेला वाहिलेल्या सर्वांत जुन्या पुस्तकांत गणले जाते. छायाचित्रांसह दिलेल्या त्यातील बारा सरावांत लांबून मारलेल्या डौलदार लाथा नाहीत. प्रतिस्पर्ध्याच्या मिठीत शिरण्याइतक्या अंतरावर त्याचा हात पकडणे, खाली दाबणे आणि त्याच क्षणी मूठ, कोपर किंवा गुडघा वापरणे, असा हा रोखठोक मामला आहे.

या सर्वांचे मूळ ‘नाइहांची’ या एका काताशी होते. बाहेरून पाहणाऱ्याला हा काता अगदी साधा वाटतो. त्यात पुढे धाव नाही की उडी नाही. खेकड्याप्रमाणे एका रेषेत डावीकडे-उजवीकडे सरकायचे, एवढेच दिसते. मोतोबूंनी मात्र त्यात संपूर्ण लढाई पाहिली. नाइहांचीत उभे राहून कंबर डावीकडे अथवा उजवीकडे वळवली, की तीच प्रत्यक्ष लढण्याची बैठक होते, असे ते शिकवत. बाजूला पसरलेला हात जवळ ओढून त्यावर कोपर आदळण्याची हालचाल म्हणजे पकडलेल्या माणसाला खेचून केलेला प्रहार. कमरेकडे येणारी मूठ रिकामी नसते. तिच्यात समोरच्याचे मनगट किंवा बाही असते, हे ध्यानात घेतले की काता बोलू लागतो.

त्यांच्या शिकवणीतील दुसरे सूत्र ‘मेओतोदे’, म्हणजे पती-पत्नीसारखे हात. संसाररथाची दोन चाके जशी बरोबरीने चालतात, तसे दोन्ही हात एकमेकांजवळ राहून एकत्र काम करतात. एकाने अडवायचे आणि दुसऱ्याने कमरेशी वाट पाहायची, ही पद्धत त्यांना मान्य नव्हती. अडवणारा पुढचा हातच मारणारा हात झाला पाहिजे आणि मागच्याने लगेच साथ दिली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. काताचे तंत्र म्हणजे साचा असून प्रसंग ओळखून तो बदलता आला पाहिजे, हेही ते बजावत.

पुढे टोकियोत आल्यावर त्यांनी तोयो विद्यापीठात आणि आपल्या ‘दाइदोकान’ या शाळेत शिकवले. वादो-र्‍यूचे संस्थापक हिरोनोरी ओत्सुका, यासुहिरो कोनिशी, तात्सुओ यामादा आणि ओकिनावाचे शोशिन नागामिने अशा नामवंतांनी त्यांच्याकडून विद्या घेतली. ओकिनावाची बोली बोलणाऱ्या मोतोबूंना जपानी भाषा सफाईने येत नसे. त्यावरून ते निरक्षर असल्याची आणि त्यांना एकच काता येत असल्याची वदंता पसरली. वास्तविक पास्साइ, सेइसान यांसारखे काताही त्यांना अवगत होते आणि १९३२ मध्ये त्यांचे ‘वाताशी नो कराते-जुत्सू’ हे दुसरे पुस्तकही निघाले.

ऑक्टोबर १९३६ मध्ये नाहा येथे ओकिनावाच्या ज्येष्ठ गुरूंची बैठक झाली. ‘रिकामा हात’ या अर्थाने कराटेचे नाव लिहिण्यावर तिथे विचारविनिमय झाला, त्यात मोतोबूही सहभागी होते. एकेकाळी भांडखोर म्हणून हिणवलेल्या माणसाला मिळालेला हा मान लहान नव्हता. एप्रिल १९४४ मध्ये ओकिनावातच त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी महायुद्धात त्यांचे जन्मगाव शुरी बेचिराख झाले. पुत्र चोसेई यांनी मात्र वडिलांची विद्या ‘मोतोबू-र्‍यू’ या नावाने जिवंत ठेवली.

२०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये काताला पदकाचे स्थान मिळाले आणि पुरुषांचे सुवर्ण ओकिनावाच्याच र्‍यो कियुना यांनी पटकावले. काताचे सौंदर्य जगाने पाहिले. त्या सौंदर्याखाली संकटातून जीव वाचवण्याची एक रोकडी विद्या दडलेली आहे, याची आठवण मात्र मोतोबूंच्या चरित्रातून होते. नाइहांची आज शोतोकान पंथात ‘तेक्की’ या नावाने शिकवला जातो. तो गिरवणाऱ्याने कमरेशी आलेल्या मुठीत काय पकडले आहे, एवढे जरी स्वतःला विचारले, तरी या उपेक्षित गुरूचे ऋण काही अंशी फिटेल.