हाफकिन आणि बाळाचे कार्ड

सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उतरला आणि माणसे बिऱ्हाडे गुंडाळून पळू लागली. पटकीची लस घेऊन हिंदुस्थानात आलेल्या वॉल्डेमार हाफकिन यांना सरकारने तातडीने मुंबईस बोलावले. जन्म १८६० चा, ओडेसाचा. पुढे पॅरिसला पाश्चर संस्थेत काम. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या इवल्याशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. मग भायखळा तुरुंगातले कैदी स्वखुशीने पुढे आले. आगाखानांनी चारचौघांत लस घेतली, तशी लोकांची भीड चेपली. १८९९ मध्ये परळला मोठी प्रयोगशाळा उभी राहिली.

आणि १९०२ साली घात झाला. पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतली लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला, पद गेले. खरे तर गावात बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी बाजू लावून धरली, तेव्हा १९०७ मध्ये कलंक पुसला गेला. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये लोझान येथे ते वारले.

ज्या धनुर्वाताने त्यांचे आयुष्य उसवले, त्याची लस आज सरकारी दवाखान्यात प्रत्येक बाळाला फुकट मिळते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलेंट. पुढे दीड वर्षाच्या सुमारास आणि पाच वर्षे झाल्यावर बूस्टर. गोवराची लस नऊ महिन्यांना, दुसरी दीड वर्षाच्या आसपास.

आपल्या नंदुरबारची अडचण वेगळी. सातपुड्यातली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. डोसाची तारीख येते तेव्हा बाळ फडावर असते. म्हणून गाठोड्यात भाकरीच्या तव्याबरोबर लसीचे कार्डही हवे. ते दाखवून तिथल्या सरकारी दवाखान्यात डोस घेता येतो. एखादा चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नसते. राहिलेला तेवढा घ्यायचा. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, नोंद राहिली म्हणून खाते बंद होत नाही. मात्र ती लवकर भरून काढावी. आजार तारीख पाहून येत नाही.