पाळवणकर बाळू

आपल्या बेळगावच्या शेजारी, धारवाडला, 1876 साली चर्मकार समाजातील एका शिपायाच्या घरी बाळूंचा जन्म झाला. पुढे पुण्यात, 1892 च्या सुमारास, ते साहेबांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर नोकरीस लागले. मैदानाची निगा राखावी, जाळी बांधावी, हे काम. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणारा हवा होता, म्हणून चेंडू त्यांच्या हाती आला. बॅट मात्र कोणी दिली नाही. कॅप्टन ग्रेग हे त्या वेळचे नामांकित फलंदाज. त्यांना बाद केले की दर खेपेस आठ आणे बक्षीस मिळे, असे सांगतात. डाव्या हाताची ती संथ, वळणारी गोलंदाजी अशी तयार झाली.

पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांना हरवायचे होते, तेव्हा बाळूंची आठवण झाली. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावीत. चहाची वेळ झाली की मात्र बाळूंना बाहेर उभे करून मातीच्या भांड्यात चहा देत आणि जेवणाचे पानही वेगळे मांडीत. त्यांच्या बळींवर सामना जिंकायला कोणाची हरकत नव्हती!

पुढे ते मुंबईस आले व रेल्वेत नोकरीस राहिले. क्रिकेट नोकरी सांभाळून. 1906 साली हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरविले, त्या संघात ते होते. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेस गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र दुखऱ्या खांद्यानिशी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले, तेव्हा त्यांचे वय पस्तीस होते.

एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी रीतसर मिळाले नाही. गुणात कमी असलेले त्यांच्यापुढे गेले. 1920 साली तर त्यांना वगळण्यात आले. तेव्हा धाकटे भाऊ शिवराम व विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतले. भावांचा हा हट्ट मला त्या बळींइतकाच मोलाचा वाटतो. शेवटी तडजोड झाली आणि बाळूंना उपकर्णधार केले. 1923 साली विठ्ठल कर्णधार झाले. तोवर बाळूंची कारकीर्द संपली होती.

1937 च्या निवडणुकीत ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध काँग्रेसतर्फे उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. 1955 साली त्यांचे निधन झाले.