पडद्याच्या चौकटीत न मावलेला गंधर्व

संगीत नाटकावर चित्रपट काढण्याचा प्रयोग मराठीला नवा नाही. अलीकडच्या काळात ‘कट्यार काळजात घुसली’ आणि ‘संगीत मानापमान’ ही नाटके पडद्यावर आली आणि त्या जुन्या प्रश्नाची पुन्हा चर्चा झाली. रंगभूमीवरचे गाणे कॅमेऱ्यापुढे तग धरते का, हा तो प्रश्न. या प्रश्नाची सर्वांत मोठी किंमत ज्यांनी मोजली, ते नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व होत. रंगभूमीवर तीन दशके अनभिषिक्त राज्य करणाऱ्या या कलावंताच्या नावावर अवघे दोन बोलपट आहेत. त्या दोन बोलपटांची हकीकत ही एका युगाच्या अस्ताची हकीकत आहे.

किर्लोस्करांच्या दारी

२६ जून १८८८ रोजी जन्मलेल्या नारायणाच्या गळ्यातील गोडवा बालपणीच जाणकारांच्या लक्षात आला होता. पुण्यात त्याचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला बालगंधर्व म्हटले आणि तेच नाव पुढे रूढ झाले, असे परंपरेने सांगितले जाते. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने संगीत रंगभूमीचा पाया घातला होता. १९०१ मध्ये भाऊराव कोल्हटकर निवर्तले आणि किर्लोस्कर मंडळीला गाणाऱ्या नायिकेची उणीव भासू लागली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पाठबळाने नारायणराव १९०५ मध्ये मंडळीत दाखल झाले. शकुंतलेच्या वेषात ते रंगमंचावर आले आणि ती उणीव भरून निघाली.

काकासाहेब खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत झाला. त्याच दिवशी नारायणरावांची मुलगी मरण पावली होती. दुःख बाजूला सारून त्यांनी भामिनी रंगवली. त्यांच्या आयुष्यातील पुढच्या अनेक निर्णयांची किल्ली या प्रसंगात सापडते. ठरलेला प्रयोग आणि समोरचा प्रेक्षक यांच्यापुढे त्यांनी घर, पैसा, प्रकृती यांपैकी कशालाच अग्रक्रम दिला नाही.

एकाच वर्षातील दोन आरंभ

१९१३ मध्ये नारायणराव, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळीची स्थापना झाली. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या मे महिन्यात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात झळकला. त्यातील तारामतीही अण्णा साळुंके या पुरुषानेच साकारली होती. पडद्यावर काम करायला स्त्री मिळत नव्हती आणि रंगमंचावर तिची गरज कोणाला भासत नव्हती. चित्रपट मुका होता, तोवर गंधर्वांच्या सिंहासनाला त्याच्याकडून धोका नव्हता.

पुढची काही वर्षे वैभवाची होती. १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ आले. भास्करबुवा बखल्यांनी दिलेल्या चालींतून अस्सल ख्यालगायकी सामान्य प्रेक्षकापर्यंत पोचली. १९१९ मध्ये, राम गणेश गडकऱ्यांच्या निधनानंतर महिन्याभरात, ‘एकच प्याला’ बडोद्यात रंगमंचावर आले. भरजरी शालूंसाठी नावाजलेल्या नटाने त्यात सिंधूसाठी फाटके लुगडे नेसले आणि प्रेक्षकांना रडवले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. त्यात धैर्यधर होते केशवराव भोसले आणि भामिनी होते बालगंधर्व. मराठी रंगभूमीच्या आठवणींत त्या रात्रीला आजही वेगळे स्थान आहे.

या वैभवाला कर्जाची किनार होती. १९२० च्या ‘द्रौपदी’च्या नेपथ्यावर पाण्यासारखा पैसा ओतला गेला. शालू, दागिने, अत्तरे आणि नामवंत साथीदार यांपैकी कशातही काटकसर नव्हती. ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि पुढे तबल्यावर अहमदजान थिरकवाँ अशी साथ होती. मंडळी कर्जात बुडाली. कर्ज फिटले तरी खर्चाचा हात आखडला नाही. तोट्याचा हिशेब त्यांना कधी उमगला नाही, की उमगूनही त्यांनी तो बाजूला ठेवला, याविषयी आजही वाद होऊ शकेल.

पडदा बोलू लागला

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलमआरा’ प्रदर्शित झाला. पुढच्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ काढला. त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच होती. ‘मानापमाना’ला चाली देणारे, गंधर्व मंडळीचे एकेकाळचे भागीदार बोलपटाचे नायक झाले होते. याहूनही महत्त्वाची घटना म्हणजे तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे होत्या. प्रतिष्ठित घरातील सुशिक्षित स्त्री पडद्यावर उभी राहिली आणि स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांच्या पायाखालची जमीन सरकू लागली. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ आणले. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या आणि पदेही मोजकीच होती.

नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली. कमी पैशांत आणि कमी वेळात मिळणारी करमणूक प्रेक्षकांना भावली. मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत संगीत मंडळीनेही बोलपटाची वाट धरली. १९३४ च्या ‘कृष्णार्जुन युद्ध’ने त्यांना हात दिला नाही. मंडळी मोडली आणि १९४२ मध्ये वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी दीनानाथ गेले.

‘धर्मात्मा’ आणि ‘साध्वी मीराबाई’

नारायणरावांपुढे वेगळा मार्ग नव्हता. प्रभात कंपनी तोवर पुण्यात आली होती. तिच्याशी त्यांनी भागीदारी केली आणि १९३५ मध्ये व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली संत एकनाथांच्या जीवनावर बोलपट तयार झाला. त्याचे मूळ नाव ‘महात्मा’ होते. ते सेन्सॉरला मानवले नाही, म्हणून तो ‘धर्मात्मा’ झाला. अस्पृश्यतेवर प्रहार करणारा विषय होता. संगीत मास्टर कृष्णरावांचे, म्हणजे गंधर्व मंडळीतच नावारूपाला आलेल्या गायकाचे. सारे जुळून आले होते. तरीही अपेक्षित यश आले नाही.

प्रेक्षकांनी ज्या बालगंधर्वांवर जीव ओवाळला होता ते भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू होते. पडद्यावर मात्र एक पोक्त पुरुष उभा होता. शिवाय रंगमंचावरचे गाणे ‘वन्समोअर’वर वाढत असे. प्रेक्षागृहातून दाद आली की तीच ओळ नव्या हरकतीने सजत असे. कॅमेऱ्यापुढे दाद नव्हती. त्या काळी गाणे चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित होई. मायक्रोफोनचे अंतर सांभाळायचे, ठरलेल्या खुणेवर उभे राहायचे, ठरलेल्या फुटांत पद संपवायचे. हजार फुटांच्या रिळात जेमतेम अकरा मिनिटे मावत. रात्र रात्र गाणाऱ्याला ही शिस्त जाचक वाटली, यात नवल नाही. भागीदारी त्या एकाच बोलपटावर थांबली.

१९३७ मध्ये बाबूराव पेंटर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘साध्वी मीराबाई’ आला. गंधर्व मंडळीच्या ‘अमृतसिद्धी’ या १९३३ च्या नाटकाचेच ते चित्ररूप होते आणि या वेळी प्रेक्षकांना हवे ते मिळाले होते. बालगंधर्व स्त्रीवेषात होते, मीरा झाले होते. मात्र त्यांचे वय पन्नाशीकडे झुकले होते. नाट्यगृहातील दिव्यांच्या उजेडात, दहा-वीस हातांच्या अंतरावरून जे रूप मोहवत असे, ते कॅमेऱ्याने नाकासमोर आणून ठेवले. चित्रपट चालला नाही. त्यानंतर नारायणराव बोलपटाच्या वाटेला गेले नाहीत.

अंतराचा खेळ

या अपयशाचे खापर केवळ वयावर फोडणे अन्यायाचे होईल. कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूरमार्गे घाट उतरून फोंडाघाटला आले, की दशावताराचा मुलूख सुरू होतो. कणकवली तालुक्यातील या गावापासून खाली सागरकिनाऱ्यापर्यंत जत्रेच्या रात्री आजही पुरुषच लुगडे नेसून राणी होतात, मायावी स्त्री होतात. हार्मोनिअम, पखवाज आणि झांज यांच्या साथीने पहाटेपर्यंत नाटक रंगते. तेथील प्रेक्षकाला त्यात काही वावगे वाटत नाही, कारण नट आणि प्रेक्षक यांच्यात न बोलता झालेला एक करार असतो. समोर पुरुष आहे हे ठाऊक असूनही स्त्री पाहायची, असा तो करार आहे. घाटाच्या वरच्या अंगाला, कोल्हापुरात, ज्या बोलपटाचा कारखाना उभा राहिला, त्याने हाच करार मोडीत काढला. कॅमेऱ्याला कल्पना करता येत नाही. त्याला फक्त दिसते.

तरीही एक अपवाद विचार करायला लावतो. ‘धर्मात्मा’नंतर वर्षभरातच प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला. त्यातील तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस हेही रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले नट होते. तो चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. स्त्रीपार्टी नट पडद्यावर चालत नाही, हा नियम म्हणूनच खरा नाही. पागनीसांचे गाणे साध्या भजनाचे होते. ते चौकटीत सहज बसले. त्यांच्यामागे प्रेक्षकांच्या मनात ठसलेली भामिनी नव्हती. बालगंधर्वांना स्वतःच्याच कीर्तीशी सामना करावा लागला.

चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा

परदेशातही हा पेच चुकला नाही. ब्रॉडवेवर ‘माय फेअर लेडी’ गाजवली ज्युली अँड्र्यूज यांनी. १९६४ च्या चित्रपटात मात्र ऑड्री हेपबर्न आल्या आणि गाण्यांना प्रामुख्याने मार्नी निक्सन यांचा आवाज वापरला गेला. आपल्याकडे पार्श्वगायनाची सुरुवात १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने केली. ‘धर्मात्मा’चेही वर्ष तेच. हे तंत्र चार वर्षे आधी रुळले असते, तर बालगंधर्वांचा गळा एखाद्या तरुण अभिनेत्रीच्या चेहऱ्याला लाभला असता. तो पर्याय त्यांनी स्वीकारला असता का, ही शंका मात्र उरते. रूप आणि सूर त्यांच्या लेखी वेगळे नव्हते.

‘साध्वी मीराबाई’नंतर ते पुन्हा रंगमंचावर परतले. गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या, स्त्रीभूमिका करू लागल्या आणि नारायणराव पुरुषभूमिकांत उभे राहिले. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर, १९५१ मध्ये, त्यांनी गोहरबाईंशी विवाह केला. उतारवयात पायांनी साथ सोडली, तरी बसून भजने गाणे सुटले नाही. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण किताब मिळाला. पुण्यातील ज्या रंगमंदिराला त्यांचे नाव दिले गेले, त्याची कोनशिला १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते बसली होती. ते खुले झाले २६ जून १९६८ रोजी. तो सोहळा पाहायला ते नव्हते. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले होते.

त्याच वर्षाच्या अखेरीस ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आले. २०१५ मध्ये त्याचा चित्रपट झाला तेव्हा खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगावकर यांचा होता आणि गळा राहुल देशपांडे यांचा. २०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात सुबोध भावे यांनी नायक उभा केला आणि आनंद भाटे यांनी गायन केले. त्या गायनाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. ज्या माध्यमाने जिवंतपणी त्यांना सामावून घेतले नाही, त्याच माध्यमाने त्यांच्या पश्चात दोन कलावंत मिळून त्यांना पडद्यावर साकारले. नव्या पिढीतील अनेकांना बालगंधर्व ठाऊक झाले ते या चित्रपटामुळे. जुन्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवर त्यांचा मूळ आवाज अजून ऐकता येतो. त्या तबकडीतील स्वर संपतो, तेथून पुढे नाट्यगृहात किती वेळ गाणे चालत असेल, याची कल्पना ऐकणाऱ्यालाच करावी लागते.