विश्लेषण : डोंगर-जंगलाच्या चित्रात कोण दिसते? राजा दीनदयाळ यांच्या कॅमेऱ्याचा धडा

माहूरगडावर गेलेला जवळपास प्रत्येक जण आज मोबाइलमध्ये फोटो घेऊनच खाली उतरतो. हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा संस्थानाची चित्रे जगासमोर नेणारे मोठे नाव होते राजा दीनदयाळ. मोकळ्या निसर्गात कोणी वावरायचे, हे चित्रांतूनही कसे ठरत जाते, ते त्यांच्या कामात दिसते.

कोण होते दीनदयाळ?

त्यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना येथे जैन कुटुंबात झाला. रुडकीला अभियांत्रिकी शिकून ते इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले. फोटोग्राफी हा आधी केवळ छंद होता. १८८२ मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्या दौऱ्यात त्यांनी मध्य भारतातील प्राचीन वास्तू टिपल्या. पुढे नोकरी सोडून सिकंदराबादला स्टुडिओ थाटला. सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले आणि ‘राजा’ हा किताब दिला.

मराठवाड्याशी नाते काय?

वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला आणि औरंगाबाद परिसर त्यांनी काचेच्या प्लेटांवर टिपला. मात्र हे अल्बम प्रामुख्याने दरबारी आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती पडत.

त्या चित्रांत कोण होते?

त्या काळात जंगलातली मौज म्हणजे शिकार. १९०२ मधील व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या वाघाच्या शिकारीचे त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. अशा चित्रांचा मान शिकाऱ्याला. रान उठवणारे गावकरी त्याच जंगलाचे जाणकार. पण चित्राचे नायक ते नव्हेत.

स्त्रियांना जागा मिळाली का?

मिळाली, पण भिंतीआड. १८९२ मध्ये दीनदयाळ यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी खास जनाना स्टुडिओ उघडला. तिथला कारभार एका इंग्रज बाईंकडे होता. काळाच्या मानाने हे धाडसच. स्त्री चित्रात आली. डोंगर-जंगलाच्या चित्रात येणे अजून लांब होते.

आज त्याचे काय?

दीनदयाळ १९०५ मध्ये वारले. त्यांच्या २,८०० हून अधिक काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपल्या आहेत. आता कॅमेरा दरबाराचा राहिलेला नाही. रेणुकेच्या दर्शनाला बायका पिढ्यान्‌पिढ्या गड चढत आल्या आहेत. किनवट-माहूरचे रान गोंड, कोलाम, आंध लोकांच्या पायाखालचे आहे. माहूरचा किल्ला, पांडवलेणी किंवा पैनगंगेकाठच्या जंगलावर लघुपट, रील बनवताना ही माणसे, आजीबाई आणि कुबड्या घेऊन आलेला प्रवासी मध्यभागी दिसायला हवेत. आपल्यासारखे कोणी चित्रात दिसले, की आपणही तिथे जाऊ शकतो असे पाहणाऱ्याला वाटते.