मूठभर धान्याचे ऋण

सातारा-कराडकडच्या जुन्या पिढीतल्या बायाबापड्यांना मुष्टिफंड हा शब्द समजावून सांगावा लागत नसे. जात्यावर बसण्यापूर्वी दळणातली मूठभर ज्वारी किंवा बाजरी बाजूला काढायची आणि कोपऱ्यातल्या मडक्यात टाकायची. ते धान्य घरचे नव्हे, बोर्डिंगातल्या पोरांचे. मूठभर धान्य काढल्याने घरातल्या कोणाच्या ताटातली भाकरी कमी होत नसे. पण गावोगावच्या अशा मुठी एकत्र आल्या की साताऱ्यात शेकडो मुलांची चूल पेटत असे.

ही मूठ मागणारा माणूस म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. धिप्पाड देह, पांढरी दाढी, अंगावर खादीचे जाडेभरडे कपडे. त्यांची तसबीर महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांच्या भिंतींवर आहे आणि २२ सप्टेंबरला त्यांच्या जयंतीची मिरवणूकही निघते. परंतु तसबिरीला हार घालताना एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही. ज्याच्यापाशी स्वतःची इस्टेट नव्हती, पदवी नव्हती, सत्ता नव्हती, त्या माणसाने इतक्या शाळांसाठी पैसा आणला कुठून? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो आणताना कोणाचा मिंधा कसा झाला नाही?

वसतिगृहातून बाहेर

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज या गावी झाला. घराणे जैन शेतकऱ्याचे, मूळचे ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीला होते. भाऊराव लहानपणापासून दांडगे; पोहणे, कुस्ती आणि रानोमाळ भटकणे यांत त्यांचे मन रमे. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात आले आणि जैन बोर्डिंगात राहू लागले. पण इंग्रजी सहावीच्या पुढे त्यांची गाडी सरकली नाही.

याच बोर्डिंगात त्यांच्या आयुष्याला वळण देणारी घटना घडली. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर विटाळ झाला म्हणून स्नान करण्याचा हुकूम झाला, तो त्यांनी मानला नाही आणि बोर्डिंगातून त्यांना बाहेर पडावे लागले. पुढे त्यांना शाहू महाराजांचा आसरा मिळाला. महाराजांनी कोल्हापुरात एकेका जातीसाठी वसतिगृहे उभी केली होती, कारण त्या काळी तेवढेही मोठे धाडस होते. भाऊरावांनी ते जवळून पाहिले. वसतिगृहातून हाकलले जाणे म्हणजे काय, हेही त्यांनी अनुभवले होते. या दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात रुजल्या.

पुढची काही वर्षे धडपडीची गेली. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या केल्या. कोल्हापुरातल्या गाजलेल्या डांबर प्रकरणात आण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून त्यांचा छळ झाला, तुरुंगवास घडला. लठ्ठे म्हणजे त्याच जैन बोर्डिंगचे चालक, ज्यांच्याशी त्यांचे बिनसले होते. सूड उगवायची आयती संधी होती. पण भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही. मोडेन पण वाकणार नाही हा त्यांचा स्वभाव लोकांना तेव्हा प्रथम कळला.

नांगर विकणारा माणूस

नंतर ते ओगले यांच्या काचकारखान्याचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते झाले. भाऊरावांच्या चरित्रात या दिवसांचा उल्लेख दोन ओळींत उरकला जातो, पण पुढच्या सगळ्या निधिसंकलनाची शाळा हीच होती. लाकडी नांगर वापरणाऱ्या शेतकऱ्याला लोखंडी नांगर घ्यायला लावणे सोपे नव्हते. त्यासाठी गावोगाव पायपीट करावी लागे, चावडीवर बसावे लागे, सुगी कधी आणि हातात पैसा कधी येतो, हे ओळखावे लागे. कोणाचे कोणाशी पटत नाही आणि गावात शब्द कोणाचा चालतो, हेही कळावे लागे. ही विद्या कोणत्याही कॉलेजात मिळत नाही. हिंडता हिंडता त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. चलाख, तरतरीत पोरे गुरांमागे फिरत होती. तालुक्याच्या गावी शिकायला जावे तर तिथे राहण्याखाण्याची सोय नव्हती. खेड्यातल्या मुलाला शाळेच्या आधी भाकरी आणि निवारा हवा, हे त्यांना याच पायपिटीत उमगले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले या गावी, सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या निमित्ताने, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. याच सुमारास साताऱ्यातल्या कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही भाऊरावांनी कष्ट घेतले. कारखान्याच्या नफ्यातला काही वाटा शिक्षणासाठी मिळावा ही त्यांची अपेक्षा होती. तो वाटा मिळाला नाही, खटके उडाले आणि ते बाहेर पडले, असे चरित्रकार सांगतात. एका धनवंताच्या शब्दावर शाळा उभी राहत नाही, हा धडा त्यांनी घेतला असावा. कारण यानंतर ते एका मोठ्या दात्याऐवजी हजारो लहान दात्यांच्या दारी गेले.

मंगळसूत्राची गोष्ट

१९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यात आले आणि तिथे वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, रामोशी अशा सगळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीत जेवत. शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहे काढली होती. शिष्याने गुरूच्या पुढे एक पाऊल टाकले. फेब्रुवारी १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्यात आले, त्यांनी हा संसार पाहिला आणि त्यांच्याच हस्ते वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. आश्रमातही साधायला अवघड जाणारी गोष्ट इथे सहज चाललेली पाहून गांधीजी प्रभावित झाले.

हा संसार चालवीत होत्या लक्ष्मीबाई, भाऊरावांच्या पत्नी. खाऊनपिऊन सुखी अशा पाटील घराण्यातून त्या आल्या होत्या आणि सासरी येताना अंगावर भरपूर सोने होते. घरचे वळण सोवळ्याओवळ्याचे. अशा बाईने कोणत्याही जातीचे पोर आपल्या चुलीपाशी बसवायचे, म्हणजे जन्मभराचे संस्कार बाजूला सारायचे होते. तेही त्यांनी केले. मुलांची आजारपणे काढली, भाकऱ्या थापल्या. भाऊराव वर्गणीसाठी गावोगाव फिरत आणि मागे कोठीतले धान्य संपले की एकेक दागिना सोनाराकडे जाई.

एकदा भाऊराव दौऱ्यावर असताना कोठी पार रिकामी झाली. वाण्याची उधारी थकलेली. मुले उपाशी. अंगावर मंगळसूत्राखेरीज काही उरलेले नव्हते. लक्ष्मीबाईंनी ते काढून दिले आणि धान्य आणवले. त्या काळातल्या सवाष्णीने नवरा जिवंत असताना मंगळसूत्र काढून देणे म्हणजे काय, हे आपल्या आज्यांना विचारावे. रयतच्या परिवारात ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि ऐकताना आजही डोळे ओलावतात.

पण डोळे पुसून झाल्यावर थोडे थांबायला हवे. १९३० साली लक्ष्मीबाई गेल्या. संस्थेचे पहिले हायस्कूलसुद्धा त्यांनी पाहिले नाही. देणगीदारांच्या पाट्या संगमरवरावर कोरल्या जातात, पण घरातल्या बाईने दिलेले सोने हिशेबाच्या कोणत्या रकान्यात लिहायचे? भाऊरावांच्या मोठेपणाला उणेपणा न आणताही म्हणता येईल, की त्या ध्येयाची पहिली आणि सर्वांत महागडी वर्गणी त्यांच्याच घरातून, त्यांच्या पत्नीने भरली. लोक त्यांना रयतमाउली म्हणू लागले, ते उगाच नव्हे.

घेणाऱ्याचा ताठ कणा

सुगीच्या दिवसांत खळ्यावर रास पडली की बोर्डिंगचा माणूस गावात येई. कोणी पायली देई, कोणी पोते. कोणी जागा देई, कोणी लाकूडफाटा. ज्याच्यापाशी काहीच नसे तो बैलगाडी जुंपून धान्य पोचवी. हा कारभार वरवर भिक्षेसारखा दिसतो, पण त्यातले मर्म वेगळे होते. ज्या गावाने मूठ दिली, त्या गावाला बोर्डिंग आपले वाटू लागले. आपल्या ज्वारीवर वाढणाऱ्या पोराचे कसे चालले आहे, हे विचारायचा हक्क त्या मुठीने मिळवून दिला. सरकारी शाळेबाबत असा हक्क खेडुताला कधी वाटला नव्हता.

मुलांनाही भाऊरावांनी दानाचे लाचार होऊ दिले नाही. बोर्डिंगातली मुले शेतात राबत, विहिरी खणत, दगड फोडत, भाकऱ्या भाजत आणि शिकत. कमवा आणि शिका हे सूत्र आज विद्यापीठांच्या पुस्तिकांत छापलेले असते. तेव्हा ते हाताला पडलेल्या घट्ट्यांत दिसे. समाजाने भाकरी द्यायची आणि मुलाने घाम द्यायचा, असा हा रोकडा व्यवहार होता. म्हणून तिथून बाहेर पडलेला मुलगा उपकाराच्या ओझ्याने वाकलेला नसे. पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झालेले बॅरिस्टर पी. जी. पाटील हे याच मुशीतले.

संस्थेचा पसारा वाढत गेला. पुणे करारानंतर, १९३२ साली, पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले. १९३५ साली साताऱ्यात शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. यवतेश्वरच्या डोंगरावर पहिली व्हॉलंटरी शाळा निघाली आणि मग जिथे मास्तर कधी फिरकला नव्हता अशा दुर्गम वाड्यावस्त्यांवर पाचशेहून अधिक शाळा उभ्या राहिल्या. १९४० साली महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावाने फी न घेणारे हायस्कूल निघाले आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज.

या कॉलेजची एक हकिकत सांगितली जाते. एका धनिकाने मोठ्या रकमेची देणगी देऊ केली. अट एवढीच, की कॉलेजला शिवाजी महाराजांऐवजी आपल्या इच्छेचे नाव द्यावे. कॉलेजला पैशाची निकड होती. भाऊरावांनी सांगून टाकले, की प्रसंगी जन्मदात्या बापाचे नाव बदलीन, पण कॉलेजचे बदलणार नाही. देणगी परत गेली. मूठभर धान्य डोक्याला लावून घेणारा हा माणूस लाखाची थैली झिडकारू शकला, कारण मागे मुठी देणारी हजारो घरे उभी होती.

कसोटीचे वर्ष

१९४८ साली याची खरी परीक्षा झाली. गांधीहत्येनंतर भाऊरावांनी गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला. आणि त्याच वर्षी राजकीय गैरसमजातून मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. देश स्वतंत्र झालेला, सरकार आपले, आणि खेड्यातल्या पोरांच्या शाळेची रसद तोडलेली! शिक्षकांचे पगार थकले. एखादी संस्था अशा वेळी कुलपे लावून मोकळी झाली असती. इथे शिक्षकांनी पोटाला चिमटा घेतला आणि लोक पुन्हा वर्गण्या गोळा करायला निघाले. संत गाडगे महाराज, ज्यांनी स्वतः कीर्तने करून धर्मशाळा बांधल्या होत्या, त्यांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे भाऊरावांसाठी शब्द टाकला. अनुदान पुन्हा सुरू झाले. कृतज्ञता म्हणून १९५४ साली कराडला निघालेल्या कॉलेजला भाऊरावांनी गाडगे महाराजांचे नाव दिले. अक्षरओळख नसलेल्या साधूच्या नावाचे महाविद्यालय, हा योग महाराष्ट्रातच जुळून यावा.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट. मॅट्रिकही न झालेल्या माणसाच्या नावामागे डॉक्टर लागले. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. तोवर ३८ वसतिगृहे, शंभराहून अधिक हायस्कुले आणि ३ महाविद्यालये उभी राहिली होती. त्यांची समाधी साताऱ्यातच आहे.

आज रयतच्या शाखा सातशेहून अधिक आहेत. वडाचे झाड हे संस्थेचे बोधचिन्ह त्या अर्थाने खरे ठरले आहे. आता शाळांना अनुदान आहे, देणग्यांना पावत्या आहेत. जाती बंद पडली, दळण गिरणीत गेले आणि मडकेही कोपऱ्यातून हलले. तरीही गावातला एखादा हुशार मुलगा किंवा मुलगी शहरात शिकायला निघते, तेव्हा खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे हाच प्रश्न आजही पहिल्यांदा उभा राहतो. भाऊरावांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलेली अडचण संपलेली नाही. ती सोडवायला मोठा दाता भेटेपर्यंत थांबायचे, की आपल्या घरातली मूठ आजच बाजूला काढायची, हे ज्याने त्याने ठरवायचे आहे.

साताऱ्याच्या त्या चुलीला ज्या मुठींनी आधार दिला, त्या देणाऱ्या बायकांची नावे कुठल्याही पावतीपुस्तकात सापडणार नाहीत. त्यांच्या धान्यावर शिकलेली माणसे मात्र महाराष्ट्रभर सापडतील. कदाचित आपल्याच घरात, आजोबांच्या जुन्या फोटोत, खादीचा सदरा घालून उभी असलेली.